परत आलेला माल बोलतो

भाचीबाई, गुणवत्ता विभागाची खुर्ची मिळाली, अभिनंदन. खुर्ची म्हणायची एवढंच. त्या कामात बसायला कुणाला मिळतं! परवा फोनवर तू विचारलंस, "मामा, साहेबांनी एका दमात दोन कामं सांगितलीत. ग्राहकांच्या तक्रारी खाली आणायच्या आणि प्लँटमध्ये लीन रुजवायचं. आधी कुठलं हातात घेऊ?" तेव्हा मी हसून वेळ मारून नेली, कारण उत्तर दोन वाक्यांत मावणारं नव्हतं. आता सवडीनं लिहितोय.

ही दोन कामं नाहीतच, एकच आहे. कारखान्यात श्रम, माल आणि वेळ कुठे वाया जातो, हे आतल्या माणसाला सवयीनं दिसेनासं होतं. बाहेरच्याला ते टोचतं, म्हणून तो तक्रार करतो. ती तक्रार, जिथे काम होतं त्या हातापर्यंत पोचवलीस की लीनची सुरुवात झालीच म्हणून समज. तुझ्या टेबलावरच ती फाइलबंद झाली, तर भिंतीवर कितीही पोस्टरं लावा आणि कितीही जपानी शब्द पाठ करून घ्या, काही महिन्यांत सगळं होतं तिथेच.

भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यात माझी उमेदीची वर्षं गेली. त्यात जे हाताला लागलं ते सांगतो. पटेल ते घे, न पटेल ते तुझ्या अनुभवानं तपासून बघ.

पहिलं: वाया काय, हे ग्राहकाला ठरवू दे

'लीन' हे नाव अमेरिकनांनी ठेवलं. जॉन क्राफसिक या संशोधकानं १९८८ मध्ये एका लेखात ते वापरलं, आणि १९९० मध्ये वोमॅक, जोन्स आणि रूस यांच्या 'द मशीन दॅट चेंज्ड द वर्ल्ड' या पुस्तकानं ते जगभर नेलं. पद्धत मात्र टोयोटाची. ताइइची ओनो यांनी महायुद्धानंतर कित्येक वर्षं खपून ती बसवली. वाया जाणाऱ्या गोष्टी त्यांनी सात प्रकारांत मांडल्या: गरजेपेक्षा जास्त उत्पादन, वाट बघणं, मालाची ने-आण, नको तितकी प्रक्रिया, साठा, माणसाची नाहक हालचाल आणि सदोष माल.

आपल्याकडे ही सात नावं तोंडपाठ होतात आणि गाडी तिथेच थांबते. पण अमुक गोष्ट वाया गेली, हे ठरवायचं कुणी? मालकानं? ऑडिटरनं? वोमॅक आणि जोन्स यांनी १९९६ च्या 'लीन थिंकिंग' मध्ये पाच तत्त्वं सांगितली, त्यातलं पहिलंच असं की मूल्य कशात आहे हे ग्राहक ठरवतो. त्याला विचारल्याशिवाय काटछाट करायला निघालीस, तर हवं ते कापून बसशील आणि नको ते तसंच राहील.

मी एका ठिकाणी बघितलंय. ब्रॅकेटची एक बाजू घासून चकचकीत करायला दोन माणसं पूर्ण शिफ्ट उभी असायची. ग्राहकाच्या असेंब्लीत ती बाजू आतल्या अंगाला, कायमची झाकलेली. कुणीतरी एकदा त्यांच्या इंजिनिअरला विचारलं, "ही बाजू अशी घासली नाही तर चालेल का?" तो म्हणाला, "ड्रॉइंगमध्ये आहे कुठे ते?" खरंच नव्हतं. जुन्या कुठल्यातरी पार्टवरून ती सवय या पार्टवर आली होती. म्हणून ग्राहकाकडे गेलीस की "काय कमी पडतं?" याच्या जोडीला "आम्ही काय जास्त करतो?" हेही विचार. पॅकिंग, रिपोर्टांच्या प्रती, लेबलं, तेलाचा थर. कितीतरी गोष्टी ते उघडून थेट कचऱ्यात टाकत असतात. पैसे मात्र आपले गेलेले असतात. उत्तर मिळालं की ड्रॉइंगमध्ये किंवा मेलवर लेखी मंजुरी घे, तोंडी "चालेल"वर काही बंद करू नको.

दुसरं: त्याचं बोलणं त्याच्याच शब्दांत लिही

ग्राहकाचा लाइन सुपरवायझर फोनवर म्हणतो, "तुमच्या हाउसिंगमध्ये बोल्ट जात नाही, पोरं वैतागलीत." आपला विक्रीचा माणूस मेल टाकतो, "थ्रेड इश्यू." गुणवत्तेचा कारकून रजिस्टरमध्ये लिहितो, "डायमेन्शनल नॉनकन्फर्मन्स." मशीनपर्यंत पोचेस्तोवर मूळ बोलण्यातलं काही शिल्लक राहत नाही. बोल्ट अजिबात जात नाही, की थोडा जाऊन अडकतो? सगळ्या भोकांत, की एकाच? पोरं वैतागलीत म्हणजे हे बरेच दिवस चाललंय का?

फोन घेणाऱ्या प्रत्येकाजवळ एक साधा कागद ठेव. काय म्हणाला ते जसंच्या तसं. कुठल्या स्टेशनला, कुठल्या शिफ्टला, किती नग, कधीपासून. आणि शेवटचा प्रश्न, सध्या तुम्ही त्यावर काय करता? हा शेवटचा प्रश्न कुणी विचारत नाही. खरी माहिती बहुधा तिथेच निघते.

तिसरं: आधी माल अडव, माणूस नंतर

तक्रार आली की शेडमध्ये पहिली आरोळी उठते, "कुणी केलं हे?" ती तू उठू देऊ नको. आधी तसा माल कुठे कुठे आहे ते शोध: ग्राहकाच्या स्टोअरमध्ये, रस्त्यातल्या टेम्पोत, आपल्या तयार मालात, लाइनवर, बाहेर कोटिंगला गेलेल्या खेपेत. लॉट नंबर धरून सगळा बाजूला काढ, लाल बिनमध्ये टाक. ग्राहकाला चोवीस तासांच्या आत कळव की एवढं सापडलं, एवढं अडवलं, कारणाचा शोध चालू आहे. कारण माहीत नसताना कारण लिहून मोकळी होऊ नको.

अडवलेला माल निवडण्यासाठी टेबल लावशील, तेव्हा त्यावर ते उठवायची तारीखही लिहून लाव. कितीतरी कारखान्यांत एका तक्रारीसाठी लावलेलं सॉर्टिंगचं टेबल वर्षानुवर्षं तसंच असतं. चार माणसं, दोन ट्यूबलाइट, एक रजिस्टर. ते कशासाठी लावलं होतं हे सांगणारा नोकरी सोडून गेलेला असतो, आणि टेबलाचा खर्च मात्र मालाच्या किमतीत मुरलेला असतो.

चौथं: जाऊन उभी राहा

ओनो नव्या इंजिनिअरला शॉप फ्लोअरवर खडूनं वर्तुळ काढून त्यात तासन्‌तास उभं करायचे, असं त्यांच्या हाताखालचे लोक सांगत. काय दिसलं विचारायचे, आणि उत्तर पटलं नाही की पुन्हा उभं करायचे. तुला खडू नको. पण तक्रार आली की फोटो मागवून थांबू नको. ग्राहकाच्या लाइनवर स्वतः जा, आणि ज्या मशीनवर तो पार्ट झाला तिथल्या ऑपरेटरला सोबत घेऊन जा. "एक दिवस उत्पादन बुडेल" असं सुपरवायझर म्हणेल. बुडू दे.

त्या हाउसिंगचंच सांगतो. ॲल्युमिनियमचं कास्टिंग, भोकांना आटे पाडलेले, वरून पावडर कोटिंग. आमचा ऑपरेटर आणि आम्ही त्यांच्या लाइनवर उभे राहिलो. तिथला मुलगा पार्ट उचलायचा, खिशातून टॅप काढायचा, एका भोकातून फिरवायचा, फुंकर मारायचा आणि मग बोल्ट लावायचा. इतक्या सफाईनं की त्याला स्वतःलाही ते वेगळं काम वाटत नव्हतं. आमच्याकडे तक्रार आली ती रजेवर गेलेल्या त्या मुलाच्या जागी नवा मुलगा उभा राहिला म्हणून. त्याच्या खिशात टॅप नव्हता. म्हणजे दोष जुनाच होता, झाकणारा हात तेवढा बाजूला झाला होता. फोटोत यातलं काय दिसणार होतं?

आणि परत येताना गाडीत आमचा ऑपरेटर जे बोलत होता, त्याची सर कुठल्याही प्रशिक्षणाला यायची नाही. आपण पाडलेल्या आट्यांचं पुढे काय होतं, हे त्यानं आयुष्यात पहिल्यांदा बघितलं होतं.

पाचवं: 'का' दोन रकान्यांत विचार

पाच वेळा 'का' विचारायची रीत तुला कॉलेजात शिकवली असेल. ओनोंचं उदाहरणही माहीत असेल: मशीन बंद पडलं, कारण जास्त भारानं फ्यूज उडाला, बेअरिंगला वंगण पुरेना, वंगणाचा पंप नीट ओढेना, पंपाचा शाफ्ट झिजलेला, आणि गाळणी नसल्यानं धातूचा कीस आत गेलेला. पहिल्याच 'का'ला थांबलो असतो तर फ्यूज बदलून मोकळे झालो असतो.

तक्रारीसाठी एक सुधारणा कर. कागदाच्या मधोमध रेघ मार. डावीकडे लिही, दोष झाला का? उजवीकडे, तो आपल्या हातून सुटला का? फोर्डनं १९८७ मध्ये आणलेली आठ पायऱ्यांची पद्धत, आपण जिला ८डी म्हणतो, तिच्या आजच्या रूपात हे दोन्ही प्रश्न असतात. पण लोक घाईत दुसरा प्रश्न "तपासणीत राहून गेलं" असं लिहून उडवतात.

हाउसिंगचा डावा रकाना असा भरला. बोल्ट का अडकतो? आट्यांत पावडर बसलेली. का बसली? कोटिंगच्या वेळी भोकात बसवायचा सिलिकॉनचा बूच गळून पडला. का गळला? सैल झाला होता. का सैल झाला? भट्टीत पुन्हा पुन्हा तापून त्याचा जीव गेला होता, आणि किती वेळा वापरून टाकायचा हे ठरलेलंच नव्हतं. का नव्हतं? बूच कोटिंगवाल्याच्या खर्चात, दर कमी करून घेतला आपल्या खरेदीनं, आणि बुचांची काळजी कुणाच्याच कामात लिहिलेली नव्हती. उजवा रकाना त्याहून छोटा: थ्रेड गेज लावत होतो, पण कोटिंगला पाठवायच्या आधी. नंतर कुणीच नाही.

यात ऑपरेटरचं नाव कुठे आलं का? "ऑपरेटरचं दुर्लक्ष" असं कारण लिहिलेला कागद तुझ्याकडे सहीला आला तर परत पाठव. ते कारण नसतं, शोध सोडून दिल्याची ती कबुली असते.

सहावं: तपासणी वाढवून सुटल्याचं समाधान मानू नको

१९६१ ची गोष्ट. जपानात यामादा इलेक्ट्रिकच्या कारखान्यात एक साधा स्विच जोडला जाई: दोन बटणं, प्रत्येकाखाली एक स्प्रिंग. अधूनमधून स्प्रिंग राहून जाई आणि ग्राहकाची तक्रार येई. कामगारांना दटावलं की काही दिवस ठीक, पुन्हा तेच. शिगेओ शिंगो तिथे गेले. त्यांनी सुचवलं, आधी पेटीतून दोन स्प्रिंग काढून एका छोट्या बशीत ठेवायच्या, मग जोडणी करायची. जोडणी झाल्यावर बशीत स्प्रिंग उरली असेल तर चूक त्याच क्षणी, त्याच हाताला दिसते. पुढे पोका-योके म्हणून जगभर गाजलेल्या विचाराची सुरुवात अशी एका तक्रारीतून आणि एका बशीतून झाली.

बघ, इथे तपासनीस वाढवले नाहीत. शंभर टक्के तपासणी ही स्वतःच वाया जाणाऱ्या कामांत मोडते. वर, माणसाचा डोळा शिफ्टच्या शेवटी थकतो. आम्ही हाउसिंगसाठी कोटिंगवाल्याला एक ट्रे करून दिला. एका खेपेला लागतात तेवढीच भोकं त्यात. भट्टीतून आल्यावर सगळे बूच परत ट्रेत बसले पाहिजेत, एक जागा रिकामी दिसली तर ती खेप थांबवायची. बुचांचे सेट रंगानं वेगळे केले, ठरलेल्या फेऱ्या झाल्या की तो रंग बाद. गेज कोटिंगनंतर नेला. खर्च किरकोळ होता. ग्राहकाच्या पोराच्या खिशातला टॅप गेला, त्याचे काही सेकंद वाचले, आणि आमची मध्येच करावी लागणारी दुरुस्ती, जादा खेपा, फोनाफोनी हे सगळं गेलं. साताच्या यादीतले तीन-चार प्रकार एका बुचाबरोबर बंद झाले. याला मी लीन म्हणतो.

सातवं: गप्प बसणाऱ्यालाही ऐक

त्या टॅपवाल्या मुलासारखे लोक सगळीकडे असतात. ते तक्रार करत नाहीत, भागवून घेतात. खानावळीच्या मावशी, जेवण कसं झालं असं विचारत बसत नाहीत. परत आलेल्या ताटात काय उरलंय ते बघतात. तूही तसं बघ. ग्राहकाच्या लाइनजवळ कानस, टॅप, रबरी हातोडी का पडली आहे? आपला पार्ट ते दोनदा का धुतात? त्यांचा स्टोअरवाला आपल्या बिनवर वेगळी खूण का करतो? ऑर्डर थोडी थोडी कमी का होत चालली आहे?

टोकियोतले प्राध्यापक नोरिआकी कानो यांनी १९८४ मध्ये मांडलं की काही गुण असे असतात, जे असले तर कुणी दखल घेत नाही आणि नसले तर संताप होतो. बोल्ट बसणं हा तसला गुण. "तुमचे बोल्ट छान बसतात" असं पत्र तुला कधी येणार नाही. म्हणून वर्षाकाठी भरून घ्यायच्या समाधानाच्या फॉर्मवर भिस्त ठेवू नको. तो फॉर्म खरेदीवाला भरतो. पार्ट हाताळणारा वेगळाच असतो. ISO ९००१ च्या ऑडिटला फॉर्म लागतो, तर जरूर भरून घे. पण मानकात लिहिलंय ते ग्राहकाला काय वाटतं यावर लक्ष ठेवा असं. ते कसं ठेवायचं हे तुझ्या हातात आहे. आपल्या टेम्पोचा ड्रायव्हर दर खेपेला त्यांच्या स्टोअरवाल्याशी चहा पितो. त्याला विचारत जा. त्याच्याकडे फॉर्मपेक्षा जास्त माल असतो.

आठवं: त्याच शिफ्टला, त्याच जागी सांग

महिनाअखेरीच्या मीटिंगमध्ये तक्रारींचा तक्ता पडद्यावर येतो, पाच साहेब तो बघतात, मशीनवरच्या माणसाला काहीच कळत नाही. तू उलटं कर. लाइनच्या तोंडाशी एक टेबल ठेव. परत आलेला पार्ट त्यावर, शेजारी चांगला पार्ट, आणि ग्राहकाचे शब्द एका कागदावर. शिफ्टच्या सुरुवातीला दहा मिनिटं सगळ्यांनी उभं राहायचं, पार्ट हातात घ्यायचा. आपल्या शेडमध्ये बीडचा, यवतमाळचा, बिहारचा, ओडिशाचा मुलगा एकाच लाइनवर असतो. इंग्रजी रिपोर्ट कुणाच्या कामाचा? मराठी, हिंदी आणि फोटो, एवढं पुरतं.

आणि उपाय त्यांनाच विचार. बुचांच्या ट्रेची कल्पना कुणा इंजिनिअरची नव्हती. कोटिंगवाल्याकडच्या हेल्परची होती. तसा बोर्डावर उल्लेखही केला, त्याच्या नावासकट.

काओरू इशिकावा म्हणायचे की पुढची प्रक्रिया हाच आपला ग्राहक. हे लाइनवर शिकव. टर्निंगवाल्याचा ग्राहक ड्रिलिंगवाला, ड्रिलिंगवाल्याचा पॅकिंगवाला. तो जर रोज काही भागवून घेत असेल, तर बाहेरची तक्रार जन्माला यायच्या आधीच सापडली. तुझी निम्मी लढाई इथे जिंकता येते.

नववं: भीतीला दारात उभं करू नको

साकिची टोयोदा यांनी १९२४ मध्ये पूर्ण केलेल्या स्वयंचलित मागाची ख्याती अशी की धागा तुटला की माग आपोआप थांबे. खराब कापड विणत बसण्यापेक्षा थांबलेलं बरं. टोयोटाच्या लाइनवर कामगाराला दोरी ओढून मदत मागायचा, वेळ पडली तर लाइन थांबवायचा अधिकार मिळाला, त्यामागचा विचार हाच.

पण दोरी बांधून चालत नाही. ओढणाऱ्याला कुणी ओरडलं की दुसऱ्या दिवसापासून ती दोरी फक्त पाहुण्यांना दाखवायला उरते. ग्राहकाची डेबिट नोट आली की तिचे पैसे कामगाराच्या पगारातून कापायची सूचना कुणी ना कुणी करतंच. तू ठामपणे नाही म्हण. एकदा पैसे कापलेस की त्यानंतरचा प्रत्येक खराब पार्ट बिनच्या तळाशी जाईल. ज्यानं स्वतःहून येऊन सांगितलं, "मॅडम, सकाळपासून माझ्या हातून दहा-बारा नग असे गेले असतील," त्याला सगळ्यांसमोर शाबासकी दे. तो टेम्पो गेटवर अडवता आला तर त्या माणसानं कंपनीचे पैसे वाचवले आहेत.

दहावं: आकड्यांचा मान ठेव, पण त्यांच्या आहारी जाऊ नको

ग्राहक तुला पीपीएमवर जोखतो, म्हणजे दहा लाखांत किती खराब. महिन्याला पाच हजार नग पाठवणाऱ्याचा एक नग परत आला की २०० पीपीएम. पाच लाख पाठवणाऱ्याचे शंभर आले तरी तेवढेच. दोघांचा आजार एक नाही आणि औषधही एक नाही. त्यामुळे साहेबांना पीपीएम दाखव, पण स्वतःसाठी दुसरा आकडा ठेव: तीच तक्रार पुन्हा किती वेळा आली? एकूण तक्रारी वाढल्या तरी घाबरू नको. लोक बोलायला लागले असतील तर सुरुवातीला त्या वाढणारच. मात्र आधी बंद केलेली तक्रार परत आली, तर आपण उपाय केलाच नव्हता, नुसता कागद बंद केला होता.

उपाय झाला की तो तीन ठिकाणी उतरव: कंट्रोल प्लॅनमध्ये, मशीनजवळच्या कामाच्या सूचनांमध्ये आणि त्याच जातीच्या इतर पार्टवर. हाउसिंगचा बूच सैल झाला, तर कोटिंगला जाणाऱ्या बाकीच्या पार्टचे बूच काय टणक असणार आहेत? मग ज्यानं तक्रार केली त्याला परत फोन कर. खरेदीप्रमुखाला नाही, त्या लाइन सुपरवायझरला. "तुम्ही सांगितलंत, आम्ही हे बदललं. पुढच्या खेपेला बघून सांगा." एवढं केलंस की पुढची अडचण तो तुला ऑफिसमार्फत न सांगता थेट सांगेल, आणि लवकर सांगेल.

अकरावं: मोठं झाल्यावर कान जड होतात

ज्या कंपनीकडून आपण हे शिकलो, तिचंच शेवटी सांगतो. २००९-१० मध्ये गाड्या आपोआप वेग घेतात, ॲक्सिलरेटर अडकतो अशा तक्रारींवरून टोयोटाला लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. २४ फेब्रुवारी २०१० ला अध्यक्ष अकिओ टोयोदा अमेरिकी संसदेच्या समितीसमोर बसले. कंपनी ज्या वेगानं वाढली त्या वेगानं माणसं घडली नाहीत, आधी सुरक्षितता, मग गुणवत्ता, मग संख्या हा क्रम विस्कटला, आणि ग्राहकाचं ऐकून माल सुधारायची वृत्ती काहीशी सैल पडली, अशा अर्थाची कबुली त्यांनी दिली.

साकिचींच्या पणतवाला हे बोलावं लागलं. तेव्हा आपण फार चांगले आहोत, आपल्याकडे लीन झालं, असं ज्या दिवशी कुणी जाहीर करेल, त्या दिवशी तू जास्त सावध हो.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. तुझ्या कोटिंगवाल्यासारखे छोटे पुरवठादार म्हणतील, आम्हाला हे सगळं परवडत नाही. केंद्र सरकारनं मार्च २०२३ मध्ये सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीची लीन योजना नव्यानं आणली. तिच्यात प्राथमिक, मध्यम आणि प्रगत अशा पायऱ्या आहेत आणि मार्गदर्शनाच्या खर्चाचा ९० टक्के भार सरकार उचलतं. त्यांना ती माहिती दे, अर्ज भरायला मदत कर. त्यांचा दोष शेवटी तुझ्याच नावावर परत येतो.

आता पुढच्या आठवड्यात एवढंच कर. गेल्या वर्षभरात दोनदा आलेली एक तक्रार निवड. तिचा पार्ट लाइनच्या टेबलावर ठेव. त्या मशीनवरच्या माणसाला सोबत घेऊन ग्राहकाकडे जा आणि गप्प उभी राहून बघ. बाकीच्या फाइली तोवर बंद राहू देत. त्यांच्यात अडलेलं काम आजवर कुठल्या फाइलनं सोडवलेलं नाही.